लांडग्यानं मेंढी मारली तर पहिला माणूस कोण? वन विभागाची उतरंड, खालून वर

विचारणारा तरुण मंगळवेढा तालुक्यातला आहे. घरची मेंढरं आहेत, स्वतः वनरक्षक भरतीची तयारी करतोय. प्रश्न दोन आहेत. वन विभागात कोण कुणाच्या हाताखाली असतं आणि कोण नेमकं काय करतं, हा पहिला. दुसरा असा, की मागच्या महिन्यात रात्री लांडगा वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कुंपणात, शिरला आणि तीन मेंढ्या मारल्या. सकाळी वडील तलाठ्याकडे गेले, त्यांनी पंचायत समितीत धाडलं, तिथून सामाजिक वनीकरणाच्या कचेरीत, आणि शेवटी ते रेंज ऑफिसात पोचले. तोवर मेंढ्या पुरून झाल्या होत्या. असं का व्हावं?

दुसऱ्यापासून सुरू करतो, पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. मी या खात्यात एकतीस वर्षं काढली. वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल झालो, शेवटची काही वर्षं वनपरिक्षेत्र अधिकारी होतो. आता सोलापुरात निवृत्त आहे. त्यामुळे मी हे खातं खालूनच पाहिलंय आणि खालूनच सांगणार.

परीक्षेच्या पुस्तकांत वन विभाग वरून खाली शिकवतात. नागपूरच्या वनभवनात बसणारे वनबल प्रमुख सगळ्यात वर आणि वनरक्षक सगळ्यात शेवटच्या ओळीत. परीक्षेपुरतं ते ठीक. पण आपल्या आज्ज्यांच्या घरातली उतरंड आठवा. सगळ्यात मोठं मडकं तळाला असायचं, वर जाल तसं लहान. वन विभाग तसा आहे. तळाला बीट, आणि वरच्या प्रत्येक मडक्याचा भार त्या बीटवर.

बीटला कागदोपत्री नियतक्षेत्र म्हणतात. बोलताना हा शब्द वापरणारा माणूस मला एकतीस वर्षांत भेटला नाही. बीट, राऊंड, रेंज हेच चालतं. एक बीट म्हणजे काही गावांच्या शिवारातली वनजमीन आणि तिचा एक राखणदार, म्हणजे वनरक्षक, बोलण्यातला गार्ड. ही जमीन कक्षांत विभागलेली असते आणि प्रत्येक कक्षाला नंबर असतो. गडचिरोलीत बीट म्हणजे सलग जंगल. आपल्याकडे तसं नाही. जिल्हा जवळपास १४,९०० चौरस किलोमीटरचा, वनक्षेत्र त्यातलं अगदी मोजकं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. इथं माळाचा एक तुकडा, मधे डाळिंबाची बाग, पलीकडे गायरान, मग पुन्हा वनाचा तुकडा. त्यामुळे सोलापूरच्या गार्डचा निम्मा जीव हद्दीत अडकलेला असतो. नांगरट दरवर्षी फूटभर पुढं सरकते आणि हद्दीचा दगड एका पावसाळ्यात चार पावलं चालत जातो. दगड कसा चालतो ते शेतकऱ्यालाही माहीत असतं आणि गार्डलाही.

बाकीची कामं: रोजची फिरती आणि तिची दैनंदिनी, रोपवनाला पाणी, अतिक्रमण आणि तोडीवर नजर, बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून प्राण्यांची मोजणी. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढलेले पट्टे, काढून घ्यायच्या. आपल्या माळावर झाडांपेक्षा गवताला जपायचं असतं. कुसळी एकदा वाळली की एका विडीच्या थोटकानं दुपारभरात पन्नास हेक्टर काळं होतं.

आता पंचनामा. तुमच्या वडिलांचं काम इथंच अडलं.

लांडग्यानं, बिबट्यानं, तरसानं जनावर मारलं तर शासन भरपाई देतं. त्यासाठी ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. पिकाचं नुकसान असेल तर तीन दिवसांत कळवायचं. गार्ड किंवा वनपाल जागेवर येऊन पंचनामा करतात, पशुवैद्यकीय अधिकारी तपासून किंमत ठरवतात, कागद रेंज ऑफिसातून वर जातो. भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल रक्कम, यांत जी कमी ती. वडिलांनी मेंढ्या पुरल्या त्या दुर्गंधीपायी, त्यात त्यांची चूक नाही. पण पुरलेल्या मेंढीच्या गळ्यावरचे दात कुणाला दिसणार?

त्या दातांना एवढं महत्त्व का, ते सांगतो. भटक्या कुत्र्यांनी मारलेल्या मेंढीला वन विभागाची भरपाई नाही. आणि आपल्या भागात कुत्र्यांचे हल्ले लांडग्यांपेक्षा कमी नाहीत. गार्डला जागेवर हेच ठरवायचं असतं. लांडगा बहुधा गळा धरतो आणि एखादं कोकरू उचलून नेतो. कुत्री मागून पायांना, मांड्यांना भिडतात, कानं फाडतात, आणि खाण्यापेक्षा नासाडी जास्त करतात. ठशांवरून सांगणं अवघड असतं. लांडग्याचा ठसा लांबट, मधली दोन बोटं पुढं आलेली. पण माळावरच्या मुरमात ठसा उमटेल तेव्हा ना! म्हणून वाघरीभोवती मऊ माती कुठं आहे ते आधी हुडकायचं.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली. एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, दोन मेंढ्या गेल्या होत्या. मी पहाटेच सायकलवर पोचलो. गळ्यावर चार भोकं स्पष्ट होती, कोकराचा पत्ता नव्हता, ओढत नेल्याची रेघ ओढ्यापर्यंत गेलेली. सगळं बघितलं, पंच घेतले, सह्या घेतल्या. आणि लिहिताना लिहिलं काय, तर ‘वन्यप्राण्याने हल्ला करून ठार केले’. प्राण्याचं नाव नाही, गट नंबर नाही. तीन महिन्यांनी कागद शेरा मारून परत आला: कोणता प्राणी, कोठे? तोवर तात्यांचा तळ हलून भीमेच्या पलीकडं गेला होता. मी त्यांना गाठलं, तर ते एवढंच म्हणाले, “सायेब, तुमच्या एका सबदापायी माझं बकरं दोनदा मेलं की वो.” त्यानंतर पंचनामा लिहिताना माझा हात पहिल्या ओळीतच गट नंबर आणि प्राण्याचं नाव लिहायचा. नंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या पोराला मी हेच आधी शिकवलं, कायदा नंतर.

आता वरची मडकी.

काही बीट मिळून राऊंड, म्हणजे परिमंडळ. त्याचा प्रमुख वनपाल. काही राऊंड मिळून रेंज, म्हणजे परिक्षेत्र, आणि त्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी, आपल्या बोलण्यातले आरएफओ किंवा रेंजर. गावकऱ्यांच्या दृष्टीनं वन विभाग म्हणजे रेंज ऑफिसच. कारणही आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ६८ खाली किरकोळ गुन्हा तडजोडीनं मिटवायचा अधिकार रेंजरच्या दर्जाखाली नसतो. गार्ड गुन्हा नोंदवू शकतो, कुऱ्हाड-बैलगाडी जप्त करू शकतो, पण ‘दंड भरून सोडा’ म्हणायचा अधिकार त्याला नाही. जो गार्ड तसं म्हणतो तो चुकतोय, आणि तुम्ही भरती झालात तर मोह आवरा.

रेंजरच्या वर सहायक वनसंरक्षक, एसीएफ. या पदाला लोक मधली खुर्ची समजतात. पण शिकारीच्या प्रकरणात सगळं प्रकरण याच खुर्चीवर उभं राहतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ५० प्रमाणे, किमान एसीएफ दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्यानं आरोपीच्या समोर नोंदवलेला जबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालतो. लाकूड वाहणारा टेम्पो कायमचा सरकारजमा करायची कारवाईही एसीएफच्या दर्जाचा अधिकारीच करतो. गार्डनं रात्रभर जागून पकडलेला चंदनचोर सुटतो तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असतं, वरच्या दर्जाचा कागद वेळेत झाला नाही.

त्याच्या वर उपवनसंरक्षक, डीसीएफ, वनविभागाचा प्रमुख. इथं ‘वनविभाग’ या शब्दानं घोळ होतो. अख्ख्या खात्यालाही वन विभाग म्हणतात आणि साधारण जिल्ह्याएवढ्या एका घटकालाही वनविभाग म्हणतात. सोलापूर वनविभाग म्हणजे हा दुसरा. या खुर्चीवर भारतीय वन सेवेतला अधिकारी असला तर उपवनसंरक्षक, राज्य सेवेतला असला तर बहुधा विभागीय वन अधिकारी म्हणतात. काम तेच. तुमची वनरक्षकाची नेमणूकही याच कार्यालयातून होणार.

सोलापूर वनविभाग पुणे वनवृत्ताखाली येतो, वृत्ताचे प्रमुख मुख्य वनसंरक्षक. राज्यात अशी अकरा प्रादेशिक वृत्तं आहेत. त्यांच्या वर नागपूरला अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक, प्रधान मुख्य वनसंरक्षक आणि त्यांतले सगळ्यात वरिष्ठ ते वनबल प्रमुख. धोरण आणि शासन निर्णय मंत्रालयातून निघतात, महसूल व वन विभागाच्या शीर्षाखाली, वनांसाठी सचिव मात्र वेगळे. ही रचना इंग्रजांच्या काळातली. मुंबई इलाख्याला १८४७ सालीच अलेक्झांडर गिब्सन हे वनसंरक्षक मिळाले होते, म्हणजे अखिल भारतीय वनखातं १८६४ मध्ये सुरू झालं त्याच्या सतरा वर्षं आधी. परीक्षेला हे साल विचारलं तर मला आठवा.

आता तुमच्या वडिलांचा फेरा. गावातला माणूस ‘वन’ हा शब्द पाटीवर दिसला की आत शिरतो. पण त्या शब्दाखाली निदान चार वेगळ्या यंत्रणा आहेत.

प्रादेशिक शाखा म्हणजे वर सांगितलेली, बीट-राऊंड-रेंजवाली. लांडगा वनजमिनीवर येवो की तुमच्या शेतात, तुमच्या भागातला कागद तिच्याकडेच जातो. सामाजिक वनीकरण १९८२ साली निघालं ते रस्त्याच्या कडेला, कालव्याच्या काठी, ग्रामपंचायतीच्या पडीक जमिनीवर झाडं लावायला. ते आता वन विभागातच आहे, पण त्यांच्याकडं बीट नाही, लांडगा नाही, पंचनामा नाही. त्यांनी वडिलांना पुढं पाठवलं ते बरोबरच केलं. फक्त नेमकं कुणाकडं जायचं ते चिठ्ठीवर लिहून द्यायला हवं होतं. तिसरं वन विकास महामंडळ, १९७४ चं, त्याचा मुख्य पसारा विदर्भातल्या सागाच्या जंगलात. आपल्याला त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही. चौथी वन्यजीव शाखा. तिचं उत्तम उदाहरण सोलापुराच्या दारातच आहे.

नान्नज. माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. तालुकेच्या तालुके त्यात आले, गावठाणं आणि खासगी शेतंही. जमिनीचे व्यवहार अडले, विहीर खोदायचं म्हटलं तरी माणूस धास्तावायचा. लोकांना माळढोकाचा राग यायला लागला तो पक्ष्यानं काही केलं म्हणून नाही, नकाशावरच्या रेघेमुळं. पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेनं हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. आता माळढोक दिसला की ती वर्तमानपत्रातली बातमी होते. तर हे अभयारण्य सोलापूरच्या उपवनसंरक्षकांकडे नाही, पुण्याच्या वन्यजीव विभागाकडे आहे, आणि त्यांचं रेंज ऑफिस नान्नजला. म्हणजे एकाच माळावर हद्दीच्या एका खुंटाच्या दोन बाजूंना एकाच खात्याचे दोन गार्ड असू शकतात आणि दोघांचे साहेब वेगळे. काळविटाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

याहून मोठा खेळ बार्शीकरांनी पाहिला. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिवच्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. पट्ट्यांवरून कळलं, तो यवतमाळच्या टिपेश्वरचा, शेकडो किलोमीटर चालून आलेला. पुढं तो बार्शी तालुक्यात ये-जा करू लागला, जनावरं मारली. आता बघा: अभयारण्य वन्यजीव शाखेचं, त्याच्या बाहेरचं धाराशिवचं जंगल छत्रपती संभाजीनगर वृत्तातलं, आणि ओढा ओलांडला की बार्शी, म्हणजे सोलापूर विभाग, पुणे वृत्त. बरं, वाघ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. त्याला बेशुद्ध करून पकडायचं तर कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि ते बसतात नागपूरला. लोक म्हणायचे, एवढे अधिकारी असून एक वाघ धरता येईना? मी तेव्हा निवृत्त होतो, चहाच्या टपरीवर हेच ऐकायचो. पण परवानगी नागपूरहून येण्यात शहाणपण आहे. हा अधिकार तालुक्याला दिला असता, तर गावकऱ्यांच्या दबावाखाली दर महिन्याला एक लांडगा पिंजऱ्यात बसला असता. तो वाघ शेवटपर्यंत कुणाच्या नजरेखाली होता म्हणाल, तर भल्या पहाटे ठसे हुडकत फिरणाऱ्या त्या-त्या बीटच्या गार्डच्या.

केंद्राचा संबंध थोडक्यात. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं वनं राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेली, आणि १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची मान्यता लागते. म्हणून गावात रस्त्याचं काम अडलं की सरपंच रेंजरला शिव्या देतात, आणि रेंजरच्या हातात काहीच नसतं. पण एक वाट आहे आणि ती बऱ्याच ग्रामपंचायतींना ठाऊक नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) खाली शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशा तेरा सार्वजनिक कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन, हेक्टरी ७५ हून जास्त झाडं तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवर विभागीय पातळीवरच मिळू शकते. शिफारस ग्रामसभेची हवी, मासिक सभेची चालत नाही. एवढ्या एका कारणानं परत गेलेले प्रस्ताव मी पाहिलेत.

एक मन मोकळं करायचं राहिलं. आपलं खातं घडलं सागाच्या जंगलासाठी, आणि सोलापूर आहे गवताचं. खात्याचं यश मोजायची पट्टी म्हणजे खड्डे आणि रोपं. २०१९ ला राज्यात ३३ कोटी रोपांचं लक्ष्य होतं, तेव्हा आम्हीही माळावर खड्डे मारले. ज्या माळावर पवन्या आणि मारवेल गवत उभं होतं, तिथं गिरिपुष्पाची झाडं लावून आम्ही लांडग्याचा आणि तणमोर या गवतातल्या पक्ष्याचा संसार मोडतोय, हे बीटच्या पोरांना कळत होतं. पण लक्ष्य वरून येतं, आणि ‘इथं झाड नको’ असं लिहायला फॉर्ममध्ये रकाना नसतो. आता बोरामणीच्या माळावर गवताळ प्रदेश दाखवायला सफारी सुरू झालीय, म्हणजे हवा थोडी बदलतेय.

राहिली भरती. वनरक्षकाला बारावी लागते, विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन. पुढं वनपाल आणि मग रेंजर ही पदोन्नतीची वाट, मी त्याच वाटेनं आलो, वेळ लागतो. थेट रेंजर किंवा एसीएफ व्हायचं तर एमपीएससीची वनसेवा परीक्षा, आणि भारतीय वन सेवा यूपीएससीकडून. पदवी असेल तर गार्ड लागून अभ्यास चालू ठेवा, अनेक पोरांनी तसं केलंय. प्रशिक्षणाला सांगली जिल्ह्यातल्या कुंडलला किंवा चंद्रपूरला जायची वेळ आलीच तर तिथं जंगल बघून हुरळून परत येऊ नका, नेमणूक माळावर असणार.

मैदानी परीक्षेत मुलांना पाच किलोमीटर धावणं आणि चार तासांत २५ किलोमीटर चालणं असतं, मुलींना तीन आणि सोळा. धावण्याचा सराव सगळे करतात, चालण्यात पडतात. डांबरी रस्त्यावर बूट घालून चालायचा सराव नका करू. वडील मेंढरं घेऊन निघतील तेव्हा महिनाभर त्यांच्यामागं चाला. वाटेत वनाच्या हद्दीचा दगड कुठं लागतो, लांडग्याचं बीळ कुठल्या ओढ्यात आहे, ते तुमच्या वडिलांना कुठल्याही रेंजरपेक्षा जास्त माहीत असणार. आणि बीटचा गार्ड भेटला की त्याचा फोन नंबर वडिलांच्या मोबाईलमध्ये घालून द्या, खाली १९२६ ही वन विभागाची हेल्पलाइनही. पुढच्या वेळी लांडगा आला, तर उजाडायच्या आत फोन झाला पाहिजे, आणि मेंढीवर पोतं टाकून तिच्याशेजारी घरचं कुणीतरी बसलेलं असलं पाहिजे.